लाउंड्सच्या कचेरीची पायरी

सोमवार, 1 मार्च 1965. तुम्ही अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, हेनव्हिल नावाच्या गावाच्या चौकात उभे आहात. चौकात पांढऱ्या खांबांची कचेरी, भोवती मोजकी दुकानं, जवळच तुरुंग. लाउंड्स काउंटीचं हे मुख्य ठाणं. पायाखालची माती ओळखीची वाटेल. चिकट, काळपट, पाऊस पडला की फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. कापसाची जमीन. या पट्ट्याला 'ब्लॅक बेल्ट' म्हणतात.

कचेरीच्या दिशेने माणसं येताहेत. चाळीसच्या आसपास असतील. रविवारी चर्चला घालायचे ते कपडे आज सोमवारी अंगावर आहेत. बायका आहेत, पुरुष आहेत, सगळे काळे आहेत. कुणी कुणाशी मोठ्याने बोलत नाही. त्यांना मतदारयादीत नाव घालायचं आहे, बाकी काही नाही.

त्यांच्याबरोबर पायऱ्या चढण्याआधी थोडं थांबा आणि काउंटी म्हणजे काय ते समजून घ्या, कारण आपल्या सवयीने पाहिलं तर इथलं काहीच उलगडणार नाही. आकाराने ही काउंटी आपल्याकडच्या मोठ्या तालुक्याएवढी. पण आपल्याकडे तहसीलदार, पोलीस निरीक्षक, गटशिक्षणाधिकारी वरून नेमून येतात आणि बदलून जातात. इथे तसं नाही. पोलिसांचा प्रमुख, म्हणजे शेरीफ, निवडून येतो. जमिनीची किंमत ठरवणारा कर-आकारणी अधिकारी निवडून येतो, कर गोळा करणाराही निवडून येतो. संशयास्पद मृत्यू झाला तर तो कसा झाला हे सांगणारा कॉरोनर निवडून येतो. शाळा चालवणारं शिक्षण मंडळ निवडून येतं. मृत्युपत्रं, वारसाहक्क, जमिनीचे कागद पाहणारा प्रोबेट जजही निवडून येतो. त्यामुळे मतदारयादी ज्याच्या मुठीत, त्याच्या मुठीत बंदूक, शेत, शाळा आणि मेलेल्या माणसाच्या दाखल्यावरची नोंद, हे सगळंच येतं.

आता आकडे पाहा. काउंटीची लोकसंख्या पंधरा हजारांवर आहे आणि त्यातले शेकडा ऐंशी लोक काळे आहेत. मतदानाच्या वयाचे काळे नागरिक पाच हजारांहून जास्त. त्यांच्यापैकी आज सकाळी यादीत किती? शून्य. मतदानाच्या वयाचे गोरे सुमारे 1,900, आणि यादीतली गोरी नावं 2,200 च्या वर. मेलेले आणि गाव सोडून गेलेले गोरे यादीत शाबूत आहेत आणि जिवंत काळ्या माणसाला तिथे जागा नाही. कोणत्याही भाषणापेक्षा ही दोन ओळींची आकडेवारी मला जास्त छळते.

पायऱ्या चढा. त्यांच्यामागे उभे राहा, मध्ये येऊ नका. रांगेत एक शांत चेहऱ्याचा गृहस्थ आहे, जॉन ह्यूलेट. याच काउंटीत जन्मलेला. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात कामगार संघटनेत काम केलं, 1959 मध्ये गावी परतला. त्यालाही आज यादीत जागा मिळणार नाही. नोंदणी महिन्यातून दोनदाच, पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी. अर्ज भला मोठा. राज्यघटनेतलं कलम वाचून दाखवायचं, अर्थ सांगायचा, आणि आधीच मतदार असलेल्या कुणीतरी हमी द्यायची. ज्या काउंटीत एकही काळा मतदार नाही तिथे काळ्या माणसाची हमी कोण देणार? उत्तर बरोबर की चूक हे ठरवणारा कारकून गोरा आहे आणि त्याच्या निर्णयाला कारण द्यावं लागत नाही. आज रांगेतल्यांना परत पाठवलं जातं.

दोन आठवड्यांनी, तिसऱ्या सोमवारी, ते पुन्हा येतील. तेव्हा रजिस्ट्रार त्यांना कचेरीत नव्हे, जुन्या तुरुंगात बसवतील. त्यातून दोघांची नावं यादीत चढतील: एक ह्यूलेट, दुसरे एक अंध धर्मोपदेशक.

तुम्ही स्वतः या चौकात जास्त वेळ रेंगाळू नका. तुमच्या सावळ्या रंगाचं काय करायचं हे इथल्या दुकानदाराला क्षणभर कळणार नाही, पण कळायला फार वेळही लागणार नाही. शेजारच्या मिसिसिपी राज्यात, जॅक्सन शहरात, मागच्याच वर्षी मे महिन्यात राममनोहर लोहियांना एका खाणावळीने दारातून परत पाठवलं. ते हटले नाहीत, तेव्हा पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. स्वतंत्र देशाचे लोकसभा सदस्य होते ते.

हे शून्य कसं झालं? ते पाहायला मागे जावं लागेल. 1870 मध्ये या. यादवी युद्ध संपून पाच वर्षं झाली आहेत. काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला आहे आणि ते तो वापरताहेत, रांगा लावून. शेजारच्या डॅलस काउंटीतलं सेल्मा हे शहर पाहा. तिथला बेंजामिन टर्नर, जो गुलाम म्हणून जन्मला, या वर्षी वॉशिंग्टनच्या संसदेवर निवडून आला आहे. अलाबामाचा पहिला काळा खासदार. लोकसंख्या जशी, तसे प्रतिनिधी. काही वर्षांपुरतं हे इथे खरोखर घडलं होतं.

त्याच काळात, 1873 मध्ये, पुण्यात जोतीराव फुले 'गुलामगिरी' छापतात आणि ते पुस्तक गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करतात. आपल्या लोकांनीही त्यांच्यापासून धडा घ्यावा, ही त्यांची आशा. जोतीरावांना तेव्हा जे दिसत होतं ते खरंच होतं. पण त्यानंतर वर्षभरातच, 1874 च्या निवडणुकीत, अलाबामात बंदुका आणि धमक्यांच्या जोरावर गोऱ्यांची सत्ता परत आली.

आता 1901. राजधानी माँटगोमेरीत राज्याची नवी घटना लिहिण्यासाठी परिषद भरली आहे. सज्जात बसा आणि ऐका. परिषदेचा अध्यक्ष जॉन नॉक्स उद्घाटनाच्या भाषणातच हेतू सांगून टाकतो: गोऱ्यांचं वर्चस्व कायद्याने कायम करायचं. लपवाछपवी नाही. मग कलमं येतात. साक्षरतेची अट, मालमत्तेची अट, मतपट्टी, म्हणजे मत देण्यासाठी दरसाल भरायचा दीड डॉलर, आणि तो थकला तर मागची बाकी. यात 'काळा' हा शब्द कुठेही लिहावा लागला नाही. 1900 मध्ये अलाबामात मतदानाचा हक्क असलेले काळे पुरुष सुमारे 1,80,000 होते. 1903 मध्ये यादीवर 3,000 सुद्धा उरले नव्हते.

हेनव्हिलच्या कचेरीतल्या कारकुनाने 1965 मध्ये पुढे केलेला अर्ज त्या सज्जाखाली तयार झाला होता. शून्य हे अज्ञानातून किंवा आळसातून आलेलं नव्हतं. ते चौसष्ट वर्षं राखलेलं होतं.

पुन्हा 1965. मार्चचा शेवटचा आठवडा. हायवे 80 वरून सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा चालला आहे, मार्टिन लूथर किंग पुढे आहेत. ही यात्रा तुम्ही चित्रांत पाहिली असेल. चित्रांत एक गोष्ट दिसत नाही: मधला लांबच लांब पट्टा लाउंड्स काउंटीचा आहे. तिथे रस्ता दुपदरी होतो, म्हणून न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांच्या आदेशाने या टप्प्यात फक्त 300 जणांना चालता येतं. मोर्चातले लोक रात्री दोन काळ्या शेतकऱ्यांच्या रानात मुक्काम करतात. जागा देणं म्हणजे काय हे त्या शेतकऱ्यांना माहीत होतं. मोर्चा पोचला त्या रात्री, 25 मार्चला, लोकांना गाडीतून परत नेणाऱ्या व्हायोला लिउझो या डेट्रॉइटच्या बाईंना याच काउंटीत, याच रस्त्यावर कू क्लक्स क्लानच्या माणसांनी गोळ्या घालून मारलं. पाच मुलांच्या आई होत्या त्या.

मोर्चा पुढे गेला, कॅमेरे पुढे गेले. मागे राहिले ते 'स्निक' या विद्यार्थी संघटनेचे काही तरुण. त्यांच्यातला एक तेवीस वर्षांचा स्टोकली कारमायकेल. मोर्चात येणाऱ्या स्थानिक लोकांची नावं-पत्ते त्याने वाटेतच टिपून घेतले आणि नंतर त्यांच्या घरांच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत मोठं काम हेच आहे. मोर्च्यानंतरचं, कुणी न पाहिलेलं काम. ओसरीवर बसून बोलायचं, पुन्हा जायचं, पुन्हा बोलायचं.

6 ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला. लगेच केंद्र सरकारचे नोंदणी अधिकारी काही मोजक्या काउंट्यांत पोचले, त्यांत लाउंड्स होती. ते फोर्ट डिपॉझिट या गावी बसले. आता साक्षरतेची परीक्षा नाही, हमी नाही. रांग पाहा: कापूस वेचून बोटं सोललेल्या म्हाताऱ्या, मुलाचा हात धरून आलेले आजोबा. कुणी सही करतं, कुणी फुली मारतं.

आणि त्याच महिन्यात, 20 ऑगस्टला, तुम्ही पुन्हा हेनव्हिलमध्ये असाल तर दुपारी एका छोट्या दुकानाच्या दारापाशी गोळीचा आवाज ऐकाल. फोर्ट डिपॉझिटमधल्या निदर्शनात पकडलेल्यांना सहा दिवसांनी तुरुंगातून सोडलं होतं. काही जण थंड पेय घ्यायला दुकानाकडे गेले. टॉम कोलमन नावाच्या माणसाने सतरा वर्षांच्या रूबी सेल्सवर बंदूक रोखली. धर्मशास्त्र शिकणारा गोरा तरुण जोनाथन डॅनियल्स तिला ढकलून मध्ये आला आणि जागच्या जागी मेला. बरोबरचा एक कॅथलिक पाद्री गंभीर जखमी झाला. सप्टेंबरच्या शेवटी खटला याच कचेरीत चालला. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने कोलमनला निर्दोष ठरवलं.

ही ज्यूरी अशी का? अलाबामाच्या ज्यूरीत तेव्हा बायकांना कायद्यानेच बसता येत नव्हतं, आणि लाउंड्समध्ये काळ्यांची नावं ज्यूरीसाठी कुणी काढतच नसे. शेरीफ, ज्यूरी, मतदारयादी या एकाच साखळीच्या कड्या. लाउंड्सच्या काळ्या रहिवाशांनी त्यावर खटला भरला. फेब्रुवारी 1966 मध्ये तीन केंद्रीय न्यायाधीशांनी निकाल दिला: काळ्यांना असं वगळणं घटनाबाह्य आहे आणि अलाबामात बायकांना ज्यूरीतून वगळणंही घटनाबाह्य आहे. एका गरीब काउंटीच्या दाव्याने राज्यातल्या सगळ्या बायकांना, गोऱ्या बायकांनाही, न्यायाच्या बाकावर जागा मिळवून दिली. हे फार थोड्यांना माहीत आहे.

आता थंडी. 1965 संपून 1966 सुरू होतंय. हायवे 80 च्या कडेला माळरानावर तंबू उभे आहेत. आत जा. लोखंडी खाटा, एक शेगडी, पोरांची पांघरुणं. ही कुटुंबं काल-परवापर्यंत मालकाच्या जमिनीवर वाट्याने कापूस करत होती आणि मालकाच्याच झोपडीत राहत होती. मालकाला यादीत नाव दिसलं आणि घर रिकामं करायचा निरोप आला. काउंटीतली सुमारे नव्वद टक्के जमीन 86 गोऱ्या कुटुंबांकडे आहे, असं स्निकच्या अभ्यासात नोंदलं आहे. त्यामुळे एका घरातून निघालेल्या माणसाला दुसरं घर नाही, दुसरं शेत नाही. रात्री रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांमधून तंबूंवर गोळ्या झाडल्या जातात. आतले लोकही बंदूक जवळ ठेवून झोपतात. ही वस्ती दोन वर्षांहून जास्त टिकली.

मताची किंमत किती, असं कुणी विचारलं तर मी त्याला या तंबूत आणीन. इथली किंमत घर होती.

यादीत नावं आली, पण मत द्यायचं कुणाला? अलाबामात डेमोक्रॅटिक पक्षाचं राज्य, आणि मतपत्रिकेवर त्या पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा. कोंबड्याच्या चित्रासोबत 'गोऱ्यांचं वर्चस्व' असं छापलेलं असे. जानेवारी 1966 पर्यंत. शेरीफपदाला उभं राहण्याची अनामतही याच सुमारास 50 डॉलरवरून 500 डॉलर केली गेली. दाराला कडी लागत असताना स्निकच्या एका संशोधकाला राज्याच्या जुन्या कायद्यात एक फट सापडली: काउंटीपुरता नवा पक्ष काढता येतो. अट एवढीच की प्राथमिक निवडणुकीच्या दिवशीच मेळावा घेऊन उमेदवार निवडायचे, आणि पक्षाला चिन्ह हवं. ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांच्यासाठी.

चिन्हाचं महत्त्व मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. आपली 1951-52 ची पहिली निवडणूक चिन्हांवरच झाली. लाउंड्सच्या लोकांनी चिन्ह निवडलं काळा पँथर. अटलांटातल्या एका काळ्यांच्या महाविद्यालयाच्या क्रीडासंघाचं ते चिन्ह होतं, त्यावरून चित्र काढलं गेलं. ह्यूलेट त्याचा अर्थ सांगत असे: हा प्राणी आपणहून कुणाच्या अंगावर जात नाही, डिवचला तर मागे सरतो, पण कोपऱ्यात अडकला की लढतो. पक्षाचं नाव लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन.

इथे मात्र तुम्ही थांबायलाच हवं. एखाद्या संध्याकाळी चर्चमधल्या वर्गाला बसा. बाकांवर शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका आहेत. हातात चित्रांच्या छोट्या पुस्तिका आहेत, स्निकच्या तरुणांनी तयार केलेल्या. एका पुस्तिकेत शेरीफ काय करतो: पकडतो, तुरुंग सांभाळतो, कोर्टाची समन्सं पोचवतो. मग चित्र विचारतं, ही कामं तुम्हाला येणार नाहीत का? दुसरीत कॉरोनर: कुणी मेलं तर ते कसं मेलं हे लिहिणं त्याच्या हातात. वर्गात शांतता पसरते, कारण 'अज्ञात इसमांच्या हातून' असं लिहून मिटवलेले खून या खोलीतल्या प्रत्येकाने ऐकले आहेत. तिसरी कर-आकारणीची: मोठ्या मळ्याची किंमत कमी दाखवली तर शाळेला पैसा कुठून येणार? एक बाई मध्येच बोलते, मग दुसरी. तासभर आधी ज्यांना कचेरी म्हणजे धाक वाटत होता, त्या कचेरीच्या खोल्यांची वाटणी करू लागल्या आहेत.

एवढ्या साध्या गोष्टीचं मोल मी फार मानतो. मताचा हक्क त्यांनी मोठ्या माणसाला निवडून देण्यासाठी मागितला नव्हता. कचेरीत कोण कुठल्या खुर्चीवर बसतो आणि त्या खुर्चीवरून माझ्या आयुष्याचं काय होतं, हे त्यांनी आधी शिकून घेतलं. तज्ज्ञ बाहेरून आणायचा नाही, आपल्यातलाच माणूस उभा करायचा, हा त्यांचा आग्रह होता.

3 मे 1966. हेनव्हिलच्या कचेरीपासून अर्ध्या मैलावर फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चच्या अंगणात सुमारे नऊशे लोक जमलेत. शेरीफपदासाठी सिडनी लोगन ज्युनियर, कर-आकारणीसाठी अ‍ॅलिस मूर, कॉरोनरसाठी एमरी रॉस, शिक्षण मंडळासाठी तिघं. मतपत्रिका टाकताना लोकांचे हात पाहा. पन्नाशी-साठीची ही माणसं आयुष्यात पहिल्यांदा मत देताहेत, आणि ते स्वतःच्या शेजाऱ्याला.

नोव्हेंबरची 8 तारीख. निवडणुकीचा दिवस. आता काउंटीत काळे मतदार गोऱ्यांपेक्षा थोडे जास्तच नोंदले आहेत, तेव्हा निकाल ठरलेला असं तुम्हाला वाटेल. पण मतदान केंद्रांकडे येणारे ट्रक पाहा. मळ्यांचे मालक आपल्या मजुरांना भरून आणताहेत. मजुरांना माहीत आहे की घर कुणाचं आहे. तंबूंचा माळ येताना रस्त्यातच लागतो. रात्री मोजणी होते आणि पँथरचे सगळे उमेदवार हरतात.

इथे थोडा वेळ घालवा, घाईने पुढे जाऊ नका. लोकसंख्येचं प्रमाण म्हणजे सत्ता, असं मानणाऱ्या प्रत्येकाने त्या रात्री हेनव्हिलमध्ये असायला हवं. शेकडा ऐंशी लोक, यादीत बहुमत, तरी पराभव. जमीन ज्याची आहे त्याला मतपेटीपर्यंत पोचायला वाट मोकळी असते. मात्र कायद्याने मान्यता टिकवायला लागणारी मतं पँथरला मिळाली, आणि पक्ष उरला.

त्याआधी महिनाभर, ऑक्टोबरमध्ये, पश्चिमेला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये दोन तरुणांनी एक संघटना काढली आणि लाउंड्सचं हे चिन्ह उचललं. ब्लॅक पँथर पार्टी. तिची कीर्ती जगभर गेली, आणि सहा वर्षांनी, 1972 मध्ये, मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली. आपल्याकडे ओकलंडचं नाव निघतं, काळी जाकिटं आणि बंदुका आठवतात. पण ज्या पँथरचं नाव आपण घेतलं, तो जन्मला मतपत्रिकेवर, अक्षर न येणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाईला आपलं मत कुठे पडलं ते कळावं म्हणून. हे आपल्याला माहीत असायला हवं होतं. वंशावळीतलं हे गाव आपण वगळलं आहे.

नोव्हेंबर 1970. पक्षाचं रूप बदललं आहे, तो आता राज्यभरच्या एका नव्या डेमोक्रॅटिक पक्षात मिसळला आहे. लाउंड्सचा नवा शेरीफ निवडून येतो: जॉन ह्यूलेट. पाच वर्षांपूर्वी कचेरीतून परत पाठवलेला माणूस आता त्या काउंटीचा पोलीसप्रमुख. तो दोन दशकांहून जास्त काळ शेरीफ राहिला आणि नंतर प्रोबेट जज झाला. आधी काळी माणसं मेल्यावर नोंदीपुरती कचेरीत येत असत, आता फिर्याद घेऊन येऊ लागली. पुढे ह्यूलेटवर टीकाही झाली, आणि ती खोटी नाही. खुर्ची आली, पण चर्चमधल्या त्या खुल्या मेळाव्यांची, पुस्तिका घेऊन बसलेल्या वर्गांची धग विझली. निर्णय पुन्हा थोड्यांच्या खोलीत गेले. कोणत्याही चळवळीतून निघालेल्या सत्तेचा हा आजार आपल्याकडेही आपण जवळून पाहिला आहे.

आता आजच्या काळात या. 2020 च्या जनगणनेत लाउंड्सची लोकसंख्या 10,311. तरुण निघून गेले, चारांपैकी जवळपास तीन लोक अजून काळे आहेत. कचेरीतल्या खुर्च्यांवर काळी माणसं बसतात. वॉशिंग्टनमध्ये हा भाग टेरी सेवेल यांच्या मतदारसंघात येतो, त्या 2011 पासून खासदार आहेत. यादीत नाव घालायला कुणाला घर सोडावं लागत नाही.

पण घराच्या मागच्या अंगणात जा. पाइपातून सांडपाणी उघड्यावर पडतंय. सुरुवातीला सांगितलेली ती माती आठवा. पाणी शोषत नाही, म्हणून साधी सेप्टिक टाकी इथे चालत नाही, आणि चालेल अशी यंत्रणा गरीब घराला परवडत नाही. गटारांचं जाळं विखुरलेल्या घरांपर्यंत कधी आलं नाही. डिसेंबर 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे अत्यंत गरिबीवरचे विशेष दूत फिलिप अल्स्टन इथे येऊन हे पाहून गेले. याच काउंटीत वाढलेल्या कॅथरीन कोलमन फ्लावर्स वर्षानुवर्षं हा प्रश्न मांडत आहेत. शेवटी केंद्राच्या न्याय खात्याने चौकशी केली आणि मे 2023 मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाबरोबर करार झाला. एप्रिल 2025 मध्ये, वॉशिंग्टनमध्ये सरकार बदलल्यावर, न्याय खात्याने तो करार संपवला.

लाउंड्सच्या मतदारांनी शेरीफ मिळवला, शिक्षण मंडळ मिळवलं, काउंटीची कचेरी मिळवली. पण मालमत्ता कर किती लावायचा यावर राज्यघटनेची मर्यादा आहे, जमीन अजून फार थोड्यांच्या नावावर आहे, आणि नाल्याचा पैसा माँटगोमेरी आणि वॉशिंग्टनच्या हातात आहे. कचेरीत बसलेल्या माणसाची सही जिथवर पोचते तिथवरच मत पोचतं. ह्यूलेटच्या पिढीने हेनव्हिलची पायरी चढून दाखवली. माँटगोमेरीची पायरी आजही चढायची राहिली आहे, आणि 1965 मध्ये जितकी गरज होती तितकीच त्यासाठी आजही जमिनीवरच्या कामाची गरज आहे.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या मराठी आईवडिलांना माझी एक विनंती आहे. मुलगा-मुलगी अटलांटात असतील तर माँटगोमेरी गाडीने सुमारे अडीच तासांवर आहे, आणि तिथून सेल्माच्या वाटेवर, हायवे 80 ला, तंबूंची वस्ती जिथे होती तिथे आता राष्ट्रीय उद्यान सेवेचं माहिती केंद्र आहे. नायगारा पाहून झाला असेल तर एक दिवस तिकडे जा. केंद्र पाहून झालं की थोडी वाट वाकडी करून हेनव्हिलला उतरा आणि कचेरी उघडी असेल अशा वेळी आत जा.

नातवंडांना बरोबर न्या.